डबीतले दात

"पुढचे या," मी म्हटलं.

कवळीकाका पुढे आले. पुढे म्हणजे दारापासून जेवणाच्या टेबलापर्यंत. टेबलावर त्यांनी इस्त्रीची फळी चढवली होती, कारण त्यांच्या मते विमानतळावरचा काउंटर छातीइतका उंच असतो. फळीच्या अलीकडे मी, अधिकारी. पलीकडे ते, पाहुणे. त्यांनी पासपोर्ट फळीवर ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले, वर्गात उभं केल्यासारखे.

"किती दिवसांसाठी आलात?"

"चार."

"कशासाठी?"

"सुट्टी."

"राहणार कुठे?"

त्यांनी हॉटेलचं नाव सांगितलं, रस्ता सांगितला, मजला सांगितला आणि न्याहारी खोलीच्या भाड्यातच आहे हेही सांगितलं.

"काका, न्याहारीचं कोणी विचारलंय?"

"माहिती आहे तर सांगून टाकलं."

"विचारलं तेवढंच सांगायचं. आणि माझ्या तोंडाकडे बघू नका. डोळ्यांत बघा."

"बघतोय की."

"दातांकडे बघताय."

ते ओशाळले. नजर उचलून माझ्या भुवयांपर्यंत आणली. तिथेच ठेवली.

"एकटेच आलात?"

"हो."

"घरी कोण असतं?"

"आई," ते म्हणाले.

मी उगाच पासपोर्ट उघडला. पानं उलटत गेले. पहिल्या पानावर नऊ वर्षांपूर्वीचे काका, काळ्या केसांचे. बाकी सगळं कोरं.

"असायची," ते म्हणाले. मग माझ्या हातातून पासपोर्ट घेतला. "पुन्हा घेऊ. दारापासून."

कवळीकाका तळमजल्यावर राहतात, मी त्यांच्या डोक्यावर. मी नाटकांत कामं करते, तालमी घरातच करते, त्यामुळे माझं रडणं-भेकणं त्यांना छतातून ऐकू जातं. पहिल्यांदा त्यांनी वर येऊन दार वाजवलं तेव्हा हातात पाण्याचा तांब्या होता. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं होतं. कोणी गेलेलं नव्हतं. मी एका विधवेचा प्रवेश पाठ करत होते. तेव्हापासून आमची ओळख.

ते कवळ्या करतात. नावातच सगळं आलं. बाजारातल्या दवाखान्यात पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचं माप घेतात. मागच्या खोलीत काका त्या मापावरून प्लास्टरचा जबडा ओततात, त्यावर गुलाबी मेण चढवतात आणि मेणात एकेक दात रोवतात. फळ्यांवर पांढऱ्या जबड्यांच्या रांगा, कोपऱ्यात घासायचं चाक, खिडकीबाहेर भिंत. आयुष्यभर त्यांनी गावाची तोंडं बांधली आणि त्या तोंडांची माणसं कधी पाहिली नाहीत. माणूस पुढच्या दाराने येतो, पुढच्याच दाराने हसत जातो. मागच्या खोलीत नुसता जबडा राहतो, त्यावर चिठ्ठी.

एकदा आम्ही बसथांब्यावर उभे होतो. शेजारच्या गृहस्थांना जांभई आली, अगदी ऐसपैस. काकांनी मला कोपराने ढोसलं.

"माझी आहे," ते कुजबुजले. "वरची."

"मग बोला ना त्यांच्याशी!"

"काय बोलू? ते कुठे ओळखतात मला?"

बस आली. गृहस्थ काकांचे दात घेऊन बसमध्ये चढले. काका त्यांच्याकडे बघत राहिले. लग्न होऊन गेलेल्या मुलीकडे बाप बघतो तसे.

पासपोर्ट आईच्या हट्टाचा. "जाऊन ये रे कुठेतरी," ती म्हणायची. "मी काय पळून जातेय?" त्यांनी फोटो काढला, रांगेत उभे राहिले, पासपोर्ट आणला. त्याच सुमारास आई न्हाणीघरात पडली आणि पुढची सगळी वर्षं पलंगावरून उठली नाही. पासपोर्ट खणात गेला. मागच्या वर्षी आई गेली. या वर्षी खण आवरताना पासपोर्ट हाताला लागला, तर त्याचीही मुदत भरत आलेली.

"वापरलाच नाही," ते मला म्हणाले. "तिने विचारलं असतं, की काय झालं त्याचं."

बाजारातला तिकीटवाला मोठा बोलघेवडा. त्याच्या दुकानात दोनच खुर्च्या आणि भिंतभर समुद्र.

"या देशाला व्हिसा लागत नाही ना?" काकांनी परत विचारलं.

"नाही हो."

"म्हणजे उतरलं की थेट आत."

"थेट?" तिकीटवाल्याने पेन कानावर ठेवलं. "काका, व्हिसा लागत नाही म्हणजे निघताना कोणी अडवत नाही, एवढंच. आत घ्यायचं की नाही, ते तिथे खुर्चीत बसलेला माणूस ठरवतो. मनात आलं तर त्याच विमानाने माघारी धाडतो. आता तुमचा पासपोर्ट. सहा महिने तरी शिल्लक लागतात. तुमचे जेमतेम आहेत. आत्ता गेलात तर गेलात, नाहीतर राहिलं."

"आणि त्या माणसाला हवं काय असतं?"

"एकच. पाहुणा परत जाणार याची खात्री. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, खर्चापुरते पैसे, सगळं त्याच्यासाठीच. तरी एकेकाला खोलीत नेऊन बसवतात. माझ्याच एका गिऱ्हाइकाला परत पाठवलं. कागद एकदम चोख! पण घरी कोण आहे विचारलं, तर पठ्ठ्या म्हणाला कोणी नाही. मग परत कशाला जाशील, म्हणाले. झालं!" त्याने काकांकडे पाहिलं आणि जीभ चावली. "तुमचं तसं काही नाही म्हणा. तुमचं घरदार आहे."

"हो," काका म्हणाले. "घर आहे."

येताना ते कोपऱ्यावरच्या दिव्याखाली थांबले.

"परतीचं तिकीट दाखवीन मी," ते म्हणाले. "पण परतीचं तिकीट कोणीही काढतं."

त्या दिवसापासून तालमी सुरू झाल्या. बाकीची उत्तरं त्यांनी घोटून घोटून पाठ केली. अडायचे ते एकाच ठिकाणी.

"भाऊ आहे म्हणा," मी सुचवलं.

"तो तिकडे लांब राहतो."

"असू दे की. भाऊ तो भाऊ. त्याला सांगितलंत ना, जाताय म्हणून?"

"फोन केला होता. कामात होता, नंतर करतो म्हणाला."

"मग केला?"

"करेल की."

"बरं, मग नोकरीचं सांगा. सुट्टी संपली की कामावर हजर व्हायचंय. एकदम पक्कं कारण."

काका इस्त्रीच्या फळीवरची सुरकुती बोटाने सरळ करत राहिले. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हवे तितके दिवस जा. घाई करू नका. तोवर बाहेरून करून घेऊ."

"किती चांगल्या आहेत हो."

"हो," काका म्हणाले. "चांगल्याच आहेत."

एकदा दुपारच्या सुट्टीत मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत गेले होते. काकांना कामाच्या जागी, कामाच्या कपड्यांत एक तालीम हवी होती. 'एकटेच आलात?' पर्यंत आलो होतो, तेवढ्यात दार धाडकन उघडलं. मागच्या खोलीचं दार कधी कोणी उघडत नाही. एक आजी आत आल्या. उंचीने माझ्या खांद्यापर्यंत, आवाजाने छतापर्यंत. त्यांनी पर्समधून रुमाल काढला, रुमालातून कवळी काढली आणि ती टेबलावर ठेवली.

"ही कोणी केली?"

काका उठून उभे राहिले. "मीच."

"वाजते."

"केव्हा?"

"मी बोलते तेव्हा. आणि मी सारखी बोलते." दात तोंडात नसल्याने आजींचं बोलणं फुसफुसत होतं, पण जोर तोच. "टकटक, टकटक! घोड्यावर बसून बोलतेय असं वाटतं ऐकणाऱ्याला."

"चावायला त्रास होतो का?"

"चावायचं कोणाला आहे? मऊ खाऊन भागतं माझं. मला भांडायचंय. दर रविवारी माझ्या बहिणीचा फोन येतो. वाद रंगात आला की ही बया वाजायला लागते, आणि बहीण म्हणते, आधी तुझे दात आवर, मग मला शिकव."

मला हसू फुटलं. काका हसले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे केली, कवळी धुऊन आजींच्या हातात दिली.

"घाला. आणि भांडा."

"कोणाशी?"

"माझ्याशी."

"अहो दातवाले, तुम्ही माझं काय वाकडं केलंय?"

"कवळी वाजती केली."

"हे मात्र खरं," आजी म्हणाल्या, आणि सुरू झाल्या. कारागिरांपासून सुरुवात केली, दवाखान्याच्या जिन्यावर आल्या, तिथून बहिणीवर गेल्या. काका समोर वाकून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आजीही त्यांच्याकडे बघत भांडत होत्या. चालू तोंड काकांनी इतक्या जवळून, इतका वेळ, आईनंतर पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"हिरडी झिजून खाली बसलीय तुमची," ते शेवटी म्हणाले. "कवळीचा दोष नाही. नवीन करावी लागेल. आधी मेणात बसवतो, तोंडात घालून बघू, मग पक्की."

"कधी?"

"होईल लवकर."

"लवकर म्हणजे आमच्या वयाचं लवकर हं," आजी पर्स उचलत म्हणाल्या. "वाट बघते."

दार लागलं. मी खुर्ची परत जागेवर ठेवली आणि अधिकाऱ्याचा आवाज लावला, "तर, एकटेच आलात?"

काका दाराकडेच बघत होते.

"वाट बघते म्हणाल्या," ते म्हणाले.

"असं सगळेच म्हणतात, काका."

"डॉक्टरीणबाईंना म्हणतात. मला कोण म्हणायला येतंय इथे?"

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी बॅग बघायला खाली गेले. पुढच्या खोलीत आईचा पलंग अजून होता, चादर ताठ ओढलेली, उशीला धुतलेला अभ्रा. बॅग पलंगावर नव्हती. जमिनीवर ठेवून, गुडघे टेकून ते भरत होते. कपडे थोडेच. कागद एका पाकिटात, तिकिटावर हॉटेलचं बुकिंग, त्यावर पासपोर्ट. आणि टेबलावर एक चौकोनी डबी, झाकण उघडं. आत कापसावर गुलाबी मेणातले दात. वरचे, खालचे.

"हे आजींचे ना?"

"हो."

"हे तर झालेले दिसतात."

"झाले. परवाच."

"मग त्या आल्या नाहीत बघायला?"

काकांनी मोजे गुंडाळले, उलगडले, परत गुंडाळले. "डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी म्हटलं, मेण अजून धरलं नाही."

काका खोटं बोलले होते. हे म्हणजे त्या पलंगाने उठून फिरायला जाण्यासारखं होतं.

"आल्यावर देतो," ते म्हणाले. "चार दिवसांनी काय होतंय? जुनी आहे त्यांच्याकडे." मग माझ्याकडे, खरोखर डोळ्यांत बघून म्हणाले, "त्याने विचारलं ना, परत कशाला जाणार, तर दाखवायला काहीतरी हवं गं."

डबी त्यांनी बॅगेत सगळ्यात वर ठेवली.

पहाटे गाडी आली तेव्हा मी जिन्यात होते, हात हलवायला. काकांनी दिवा घालवला, दार ओढलं आणि कुलूप लावता लावता आत तोंड करून म्हणाले, "येतो गं." सवयीने. मग ते क्षणभर तसेच उभे राहिले, कुलूप हातात धरून. मी वरच्या पायरीवर मागे सरकले. हात हलवायचा राहूनच गेला.

ते परत आले त्या संध्याकाळी इस्त्रीची फळी पुन्हा टेबलावर चढली. या वेळी त्यांनी मला पलीकडे उभं केलं.

"तू मी हो," ते म्हणाले. "मी तो होतो."

"बरं."

"हात मागे. आणि माझ्या दातांकडे बघ."

"काका! तिथेही?"

"काय करणार? दिसले ते." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.

तिथली भाषा काकांना येत नव्हती, आपली तिथे कोणाला. दोघांच्या मधे विमानतळावरची मोडकीतोडकी भाषा होती, क्रियापदं कमी आणि हातवारे जास्त. अधिकारी तरुण होता. किती दिवस, कशासाठी, कुठे. काकांनी फाडफाड उत्तरं दिली. इतकी फाडफाड, की अधिकाऱ्याने मान वर केली. काका त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"काय बघताय?"

"रात्री दात खाता तुम्ही," काका म्हणाले. म्हणजे त्यांनी स्वतःचे दात करकर वाजवून दाखवले. "झिजलेत."

रांगेत मागे कोणीतरी हसलं. अधिकारी हसला नाही.

"एकटे?"

"एकटा."

"घरी कोण?"

आणि इथे, सगळ्या तालमींनंतर, काका काहीच बोलले नाहीत. भाऊ जिभेवर आला होता, नोकरी आली होती. दोन्ही तिथेच राहिले. त्यांनी बॅगेतून डबी काढली, काउंटरवर ठेवली आणि झाकण उघडलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? खोलीत नेऊन बसवलं."

खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ आणि पाण्याचं यंत्र. डबी टेबलावर. दार काचेचं, बाहेरून माणसं बॅगा ओढत चालली होती, कोणी कोणाला शोधत, कोणी मिठ्या मारत. हे सांगताना काकांनी फळीवरचे हात खाली घेतले.

"एक सांगू? भीती नाही वाटली," ते म्हणाले. "वाटलं, आता मला इथून माघारी धाडलं काय, इथेच विसरले काय, कोणाचं काही अडणार नाही. भाऊ पुढच्या महिन्यात कधीतरी फोन करेल. तुला फरशीखालून आवाज येणार नाही, पण तसाही माझा आवाज तो काय? आईच्या वेळी पाच मिनिटं उशीर झाला तर ती दारातून हाका मारायची. वैताग यायचा मला. तिथे बसून मी त्याच वैतागाची आठवण काढत होतो."

मी ते होते, आणि त्यांचं वाक्य माझ्याकडे नव्हतं.

मग एक बाई आल्या, वरिष्ठ, केस पिकलेले. त्यांनी डबी उचलली, दात उजेडात धरले, नखाने मेण टोकरून पाहिलं.

"कोणाचे?"

"एका बाईंचे."

"तुमच्या कोण?"

"कोणी नाही."

"मग तुमच्या बॅगेत का?"

काकांनी सांगायचा प्रयत्न केला. वाट बघते, हे त्या भाषेत त्यांना येत नव्हतं. त्यांनी खुर्चीवर बसून दाराकडे टक लावून दाखवलं. बाईंना काही कळलं नाही. त्यांनी कापूस उचलला. खाली दवाखान्याची चिठ्ठी होती, त्यावर आजींचं नाव आणि फोन नंबर. बाईंनी चिठ्ठीवरचा नंबर पाहिला, काकांकडे पाहिलं, टेबलावरचा फोन पुढे ओढला. आवाज मोठा केला.

पुढचं मी आजींच्याच तोंडून सांगते, कारण काकांच्या सांगण्यात त्यांची वाक्यं फार सौम्य होतात. आजींच्या म्हणण्याप्रमाणे, दुपारी डोळा लागला होता, फोन वाजला, कोणी परकी बाई काहीतरी बडबडत होती. त्या ठेवणारच होत्या. तेवढ्यात मागून आवाज आला, "आजी, मी दातवाला."

"कोण दातवाला? कुठून बोलताय?"

काकांनी देशाचं नाव सांगितलं.

"आणि माझे दात?"

"माझ्याजवळ आहेत."

"म्हणजे माझे दात परदेशात, आणि मी इथे? डॉक्टरीणबाई सांगतात, मेण धरलं नाही! धरलं नाही म्हणे! विमानात बसायला बरं धरलं? अरे, काल रविवार गेला माझा! बहीण वाट्टेल ते बोलली आणि मी गप्प! गप्प बसले मी, कळतंय का तुला? कोणी सांगितलं होतं तुला उंडारायला? आणि काही झालं म्हणजे तिथे एकट्याला? दात कोण आणून देणार मला? आधी परत ये! ऐकतोयस का? परत ये आधी!"

आजी दम घ्यायला थांबल्या तेव्हा जुनी कवळी टकटकत होती. ती टकटक त्या परक्या खोलीभर ऐकू आली.

पिकल्या केसांच्या बाईंना एक शब्द कळला नव्हता. त्यांनी फोन खाली ठेवला, टेबलावर कोपर टेकलं, कपाळ हातात धरलं. खांदे हलत होते. काकांना वाटलं, रडतायत की काय. मग त्यांनी पासपोर्ट ओढला, पहिल्याच कोऱ्या पानावर शिक्का मारला आणि एक शब्द म्हणाल्या. तो काकांना कळला, कारण सोबत त्यांनी चार बोटं दाखवली आणि मग दाराकडे बोट केलं, बाहेरच्या दिशेने. चार दिवस. मग मुकाट्याने परत.

"आणि देश?" मी विचारलं. "देश कसा होता?"

"छान आहे," काका म्हणाले. "स्वच्छ आहे."

ओढून ओढून काढलं तेव्हा आणखी थोडं मिळालं. समुद्र होता. बाकं होती, त्यांवर दोघं दोघं बसलेली. न्याहारीला ते बसले की वाढणारा समोरची ताटली आणि पेला उचलून न्यायचा. रोज न्यायचा, रोज विचारून न्यायचा. एक दिवस काका त्याला म्हणाले, राहू दे. तो राहू देईना. खोलीची खिडकी समुद्रावर होती. संध्याकाळी बोलायला कोणी नाही, म्हणून त्यांनी डबी उघडून दात खिडकीत मांडले, वरचे-खालचे जुळवून.

"समोर कोणी हसतंय असं वाटायचं," ते म्हणाले. "मी थोडं बोललोही."

"दात दिवसभर खिडकीतच होते?"

"हो."

"उन्हात?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्य मेणात गेलेला माणूस. हळूच उठले, बॅग उघडली, डबी काढली. दात सगळे होते, पण वरची ओळ एका अंगाला कलली होती. पुढचे दोन एकमेकांच्या कानाला लागल्यासारखे.

"अरे देवा," मी म्हटलं.

"तू चल माझ्याबरोबर," काका म्हणाले. "मला एकट्याला नको."

आजींचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार उघडंच होतं. खोलीत खिडकीशी एक खुर्ची, तिच्या हाताशी फोन, आणि दुसरी खुर्ची भिंतीला उलटी टेकवून ठेवलेली, फार दिवस कोणी न बसलेली. आजींनी ती स्वतः सरळ केली.

"बस," त्या काकांना म्हणाल्या. 'अहो दातवाले' केव्हाच संपलं होतं. "दाखव."

त्यांनी दात तोंडात घातले, आरसा घेतला. बराच वेळ पाहिलं.

"हे काय? हे एका बाजूनेच हसतायत."

"माझी चूक. खिडकीत ठेवले होते. ऊन लागलं."

"खिडकीत? दात? कशाला?"

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. डबीचं झाकण लावलं, परत उघडलं. आजींनी आरसा खाली केला. काकांकडे पाहिलं, मग स्वतःच्या खिडकीकडे, खुर्चीकडे, फोनकडे.

"समुद्र दिसत होता का तिथून?" त्यांनी विचारलं.

"हो. समोरच."

"मग ठीक आहे. तेवढाच त्यांनी बघितला." दात काढून त्यांनी डबीत ठेवले. "आता?"

"पुन्हा करावे लागतील. सगळे काढून, नव्याने."

"म्हणजे मी पुन्हा वाट बघायची."

"हो."

"आणि हा रविवारही गेला म्हणायचा."

"हो."

"आता कुठे जायचं असेल तर सांगून जायचं, कळलं? आणि माझे दात इथे ठेवून."

"आता कुठे जातोय? पासपोर्ट संपतोय माझा."

"मग नवा काढ. मीच सांगतेय ना!"

घरी आलो तेव्हा अंधारून आलं होतं. काकांनी कुलूप काढलं. दाराच्या फटीतून आईच्या पलंगाचं टोक दिसत होतं आणि ताठ ओढलेली चादर.

"विचार ना एकदा," ते म्हणाले.

"काय?"

"तेच. शेवटचं."

जिन्यात उभी राहून मी अधिकाऱ्याचा आवाज लावला. "घरी कोण असतं?"

काकांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"घरी कोणी नाही," ते म्हणाले. अडखळले नाहीत. "पण काम जरा अडलंय एका बाईंचं. त्या ओरडतील."

आत गेले, पुढच्या खोलीतला दिवा लावला. टेबलावरून इस्त्रीची फळी उतरवल्याचा आवाज आला. मी वर आले. आणि मग फरशीखालून आवाज आला, मेण वितळवायच्या पातेल्यावर चमचा वाजल्याचा.